खुब्याचं हाड

झाऱ्यावर खुब्याचं हाड आलं आणि बुरुल थांबली. हाडाच्या खोबणीत रस्सा साचला होता, मांस कडेने सुटून आलं होतं, वाफेत ते दिसेनासं होत होतं, पुन्हा दिसत होतं – हे ताटात ठेवायचं, एवढंच तर काम, इतकी वर्षं करतेय मी – पण हात झाऱ्यासकट कढईवरच राहिला. एक हाड आधीच निघालं होतं, ते मौलवींच्या ताटात गेलंसुद्धा. हे दुसरं. हे आजवर बाबांचं, तिच्या सासऱ्यांचं, असायचं.

कोणाला कुठलं हाड, हे इथे कोणी तोंडाने विचारत नाही. खुबा सगळ्यांत मानाच्या माणसाला, शेपटीच्या मुळाचं हाड सगळ्यांत थोरल्या बाईला, मांडीचं त्याच्या खालच्याला, असं उतरत उतरत पार पोरांपर्यंत. लग्न होऊन आलं की पहिल्याच हिवाळ्यात सुनेने हे शिकायचं, आणि चुकलं तर ज्याचा मान गेला तो ताटाला हात न लावता उठतो, मग त्याची मुलं-नातवंडंही तुमच्या दाराशी येत नाहीत. तिच्या माहेरी, खालच्या गावात, असं एक घर होतं. मान गेलेला म्हातारा केव्हाच मेला, त्याच्या मुलाला आता आडनावापलीकडे बापाचं काही आठवत नाही, पण ते हाड आठवतं.

आज बाबांना जाऊन चाळिसावा दिवस. सासऱ्यांच्या चाळिसाव्याचं जेवण पुलावरच व्हावं असं दोन्ही गावांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यांच्या माघारी दोन्ही गावांनी मिळून ठरवलेली ही एकच गोष्ट. पुलाच्या अलीकडे नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तंबू, पलीकडे खाणीचे ट्रक ओळीने उभे, काचांवर बर्फ धरलेलं. उन्हाळा सरता सरता खाणीचे ट्रक अडवायला बायका इथे रस्त्यावर येऊन बसल्या तेव्हा चूल एकच होती. आता रस्त्याच्या दोन कडांना दोन होत्या, आणि एकीचा धूर दुसरीकडे गेला तरी बायका एकमेकींकडे रोखून बघायच्या. खालच्या गावाला कंपनीच्या कागदावर सही हवी होती – शाळेला छप्पर, तरुणांना कामं, नदीच्या पाण्याची तपासणी. वरच्या गावाला खाणच नको होती, कारण नदी आधी त्यांच्या दारावरून जाते. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार होते आणि पुलाच्या वतीने एकच माणूस त्यांच्याशी बोलणार होता. तो कोण, यावर एकही बैठक झाली नव्हती. पण बाबांच्या वाटचं हाड आज ज्याच्यापुढे जाईल तोच बोलेल, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि ताटं मांडणारी होती बुरुल, खालच्या गावची लेक, वरच्या गावची सून.

“काय गं, वर काढतेस नि पुन्हा बुडवतेस,” काकिश आजी म्हणाली. ती कढईजवळ मेंढीच्या कातड्यात पाय गुंडाळून बसली होती. “बाळ आहे का ते आंघोळ घालायला?”

“शिजलंय का बघत होते, आजी.”

“शिजलंय. तू यायच्या आधीच शिजलंय.” आजीने चुलीत शेणी सरकवली. “दोन गावं, दोन पुढारी, एक मौलवी. मेंढीला खुबे दोनच. आता यात मेंढीचा काय दोष?”

ती हसली आणि हसता हसता खोकत राहिली. बुरुलने तिच्या पायांकडे बघितलं नाही. मोजे बदलताना तिने ते एकदाच बघितले होते – डाव्या पायाची बोटं थंडीने काळी पडलेली, आणि आजी म्हणाली होती, काळजी करू नकोस, ती बोटं तशीही माझ्या कामाची नव्हती. त्यानंतर आजी मोजे स्वतःच बदलते.

तंबूच्या मागून इशेन आला. तिच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ, वरच्या गावाचा आवाज; बोलतो तेव्हा समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघून बोलतो, तिथे गर्दी असल्यासारखा.

“बुरुल, काकांचं ताट मांडलंस?”

“मांडते, भाऊजी.”

“मी माझ्यासाठी मागत नाहीये. मला हल्ली मांस पचतही नाही. पण ते ताट जर त्या पगारवाल्यांपुढे गेलं, तर काकांनी जीव इथे कशाला सोडला, याचं उत्तर मला द्यावं लागेल.” मग जरा खालच्या आवाजात, “शेवटी जवळ तूच होतीस. काहीतरी म्हणालेच असतील. उठू नका, म्हणाले असतील. तेवढं आत येऊन सांग. बाकी मी बघतो.”

तिने रस्सा ढवळला. सासरच्या थोरल्यांपुढे न बोलणं सोपं असतं, त्याला लोक मर्यादा म्हणतात. इशेन गेला, आणि लगेच, जणू त्याची पाठ वळायचीच वाट बघत होता असा, मेडेर शेण्यांची पाटी घेऊन आला. तिचा धाकटा भाऊ, आता खालच्या गावाचा पुढारी. लहानपणी नदीवर जायला घाबरायचा, हिच्या झग्याला धरून चालायचा.

“ताई, तुझा भाऊ म्हणून नाही सांगत.”

“मग कोण म्हणून सांगतोस?”

“खालचा माणूस म्हणून. तुमच्या वरच्यांचं काय, तुझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं, एसेनकुल एसेनकुल म्हटलं की त्यांचं पोट भरतं. खरी थंडी अजून लागलीच नाहीये, ताई. पुढच्या महिन्यात या बायका मरतील इथे.”

“तुझ्या पोराला ट्रक द्यायचं कबूल केलंय म्हणे.”

“केलंय. मग? त्यानेही रशियात जाऊन तुझ्या नवऱ्यासारख्या दुसऱ्यांच्या भिंती रंगवायच्या?” पाटी त्याने जरा जोरातच खाली ठेवली. मग तिच्याकडे न बघता, “आबा हट्टी नव्हते. तो हट्ट तुझ्या दिरांचा. आबा तुला म्हणाले असतील… आवरा म्हणून. म्हणाले ना?”

तिने झारा कढईत सोडला. इतक्या जवळ येऊन त्याने बोट ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता.

म्हणाले होते. संध्याकाळ होती, ते तंबूत खोकत पडले होते, ती रस्सा पाजत होती, अर्धा हनुवटीवरून खाली येत होता, आणि बाहेर दोन्ही गावं – तेव्हा दोन्ही – त्यांचं नाव घेऊन ओरडत होती. एसेनकुल! एसेनकुल! त्यांनी चमचा हाताने बाजूला केला. म्हणाले, “ऐकतेस? तो माणूस कुणीतरी दुसरा आहे, पोरी. मला तर पायसुद्धा हलवता येत नाही.” मग बराच वेळ गेला, ती समजली झोपले. आणि मग, डोळे मिटलेलेच ठेवून – “बायकांना घरी पाठव. बर्फ पडायच्या आत. मी म्हणालो म्हणून सांगू नकोस.” उजाडायच्या आत ते गेले.

मी म्हणालो म्हणून सांगू नकोस… हे ती किती प्रकारांनी उलटून पाहत आली होती. घरी पाठव म्हणाले, पण पाठवायचं कुणाच्या जोरावर? सुनेच्या? त्यांचं नाव लावल्याशिवाय तिचं ऐकणार कोण, आणि नाव लावायचं नाही म्हणून बजावलेलं. नाव तर ती तसंही घेत नव्हती. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं; लग्न होऊन आली त्या दिवसापासून ते तिच्या जिभेवर आलेलं नाही. नावच काय, त्या नावात बसलेला शब्दही नाही – त्यांच्या बोलीत एसेन म्हणजे सुखरूप, आणि भेटेल त्याला माणसं हेच विचारतात, सुखरूप ना? बुरुल विचारायची, बरं चाललंय ना? घरात सगळे धड आहेत ना? कुठूनतरी वळसा घालून. इतकी सवय झाली होती की वळसा आहे हेही ती विसरली होती, तो पहिला ट्रक येईपर्यंत.

त्या दिवशी बायकांनी हातात हात अडकवले होते, वरची-खालची असं काही न बघता, कुणाच्या हाती कुणाचा हात आला त्याला काही हिशेब नव्हता. ट्रक भोंगा वाजवत आला आणि बाबांनी रस्त्याच्या मधोमध सतरंजी अंथरली, किटली ठेवली, आणि ट्रकचं नाक डोक्यावर असताना चहा ओतायला घेतला. पहिली वाटी ड्रायव्हरला. ड्रायव्हर उतरला. काय करणार, म्हाताऱ्याने पुढे केलेला चहा कोणी नाकारतं? त्याने चहा घेतला, वाटी पुसून परत दिली आणि ट्रक उलटा नेला. तेव्हा पहिल्यांदा ते नाव पुलावर उठलं. मेडेर ओरडत होता, भाऊजी ओरडत होते, दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले होते, काकिश आजी दात नसलेल्या तोंडाने ओरडत होती. आणि बुरुलचे ओठ मिटलेले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ओठ मिटलेले. तिला वाटलं होतं, इतक्या सगळ्यांत मी एकटीच बाहेर राहिले.

आता तेच नाव दोन चुलींवरून एकमेकांवर फेकलं जात होतं. एसेनकुल आबा असते तर सही केली असती. एसेनकुल काका असते तर तुमचं तोंड बघितलं नसतं.

बरं, मग ती गप्प का राहिली? त्यांनी सांगितलं म्हणून? बुरुलने पदराने – डोक्याच्या पांढऱ्या रुमालाच्या पदराने – कपाळ पुसलं. नाही, खरं बोल. निदान या कढईसमोर तरी बोल. मला उठायचं नव्हतं. घरी काय आहे? नवऱ्याचा महिन्याकाठी एक फोन, त्यातही तो थकलेला. चार खोल्या, त्यातल्या तीन बंद. इथे सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी हाक मारतं, बुरुल, मीठ कुठंय, बुरुल, पोलीस आलेत. खाण नको आहे मला, हेही खरं. नदीला राखाडी फेस येतो तो मी बघितलाय, ते पाणी मी वासरांना पाजलंय. पण एका मेलेल्या माणसाचा शब्द मी पोटात ठेवला तो नदीसाठी, की हाका ऐकायला मिळाव्यात म्हणून… हे कसं वेगळं काढायचं? आणि तेवढ्यात बर्फ पडलं. आणि आजीची बोटं काळी झाली. शब्द सांगितला असता तर ती आज तिच्या घरात, भिंतीशी पाठ टेकून बसली असती आणि सुनेला टोमणे मारत असती.

तिने हाड ताटात ठेवलं. भोवती मांस रचलं, वर कांद्याचा रस्सा घातला, जसं नेहमी घालायची, जरा जास्त मीठ असलेला, कारण त्यांना मीठ लागायचं. मग ताट उचलून ती तंबूत गेली.

आत कुराण म्हणून झालं होतं. एका बाजूला वरचे, एका बाजूला खालचे, दोघांच्या मध्ये माणूसभर अंतर, आणि दारासमोरची मानाची जागा, दुहेरी नमदा घातलेली, रिकामी. आजीला लोकांनी काखेत हात घालून आणून बसवलं होतं. तिच्या ताटात शेपटीचं हाड कधीच पोचलं होतं, आणि मौलवींपुढे त्यांचं. बुरुल आली तसं बोलणं थांबलं नाही, नुसतं पातळ झालं. कुणी गवताच्या भावाचं बोलत होतं, कुणी उगाच पाव मोडत होतं. तिच्या हाताकडे कोणीच बघत नव्हतं, आणि प्रत्येकाला ती कुठल्या बाजूला वळते ते दिसत होतं.

ती मधोमध उभी राहिली. इशेनने टोपी नीट केली. मेडेर मात्र सरळ तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात पुढारी नव्हता, नदीवर जायला घाबरणारा पोर होता. तिच्या मनात आलं, देऊन टाकावं त्याला. मग मनात आलं, भाऊजी त्या रात्री बाबांना एकट्याने खांद्यावर घालून गावापर्यंत घेऊन गेले, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. दोघंही खोटे नव्हते. हेच तर अवघड होतं.

“हे ताट कोणाचं, सूनबाई?” मौलवींनी शेवटी विचारलं. ते जिल्ह्याच्या गावचे, त्यांना खरंच माहीत नसावं.

“एसेनकुलचं,” बुरुल म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही. इतक्या दिवसांत या पुलावर ते हजार तोंडांनी ओरडलं गेलं होतं, पण आता ते ऐकताना सगळ्यांना एक खोकणारा म्हातारा आठवला असावा, कारण तंबूत कोणी हललं नाही. आजीचा घास तोंडाशी थांबला. सुनेने नाव घेतलं – याला काय म्हणायचं हे कोणाला कळेना.

“काय… काय बोललीस?” इशेन म्हणाला. त्यात राग नव्हता. तो घाबरला होता.

तिला वाटलं होतं, नाव घेतलं की जीभ झडेल, जमीन दुभंगेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. दात, ओठ, श्वास, नेहमीसारखं सगळं. नावाच्या मागे एक वाक्य घशाशी येऊन उभं होतं – बायकांना घरी पाठवा – आणि त्याच्या मागे दुसरं, जे बाबांचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं, तिचं होतं: मी उठणार नाही. दोन्ही एकदम आली होती. आधी कुठलं निघेल, एकाने दुसरं खोटं पडेल का, उद्या साहेबांपुढे कोण उभं राहील, तिला काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आता जे बोलेन ते त्यांच्या नावाआड दडवता येणार नाही. ते नाव तर घेऊन झालं.

समोर काकिश आजीने कातड्यातून पाय हळूच बाहेर काढले आणि तसेच राहू दिले, सगळ्यांना दिसतील असे.

बुरुलला भीती वाटत होती. आणि त्या भीतीखाली, खूप दिवसांनी, भूक लागलेली तिला जाणवली. ताट जड होतं, कडेने हात भाजत होते. ते तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.