काळी करणी आणि नासके अंडे

सन एकोणीसशे चव्वेचाळीसच्या ग्रीष्मात मुर्धे गावच्या पिंपळाखाली जेवढा जनसमुदाय लोटला, तेवढा आमच्या मिठागरावर कामास कधी लोटला नाही. आगराचा मुकादम या नात्याने हे मी शपथपूर्वक सांगतो. कारण तेथे खाडीनाथबाबा नामक जटाधारी सत्पुरुष पोटातील करणी प्रत्यक्ष बाहेर काढीत असत.

"आज पांढरा अंगारा खा, उद्या काळं पडेल!" बाबा गर्जत. "काळं तीच करणी! पण पाणी तोडा. करणी पाण्यावर जगते, तहानेनं मरते!"

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच काळे पडे! प्रातःकाळी खाडीच्या बांधावर प्रत्येक जण आपापल्या मुक्तीचे अवलोकन करून प्रसन्न मुद्रेने घरी परते. बघता बघता अवघ्या गावाच्या पोटातून करणी निघाली. मग ती करण्यास गावात उरला कोण, हे मात्र कोणी विचारले नाही.

आमच्या आगरावरील मजुरीण शालन हिची कन्या चंपी रक्ताच्या हगवणीने अंथरुणास खिळली होती. तिलाही अंगारा चालू होता. मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका असलेली उत्तनची फ्लोरिन सुट्टीवर आली होती. तिला घेऊन मी शालनच्या झोपडीत गेलो.

"आये, पानी..." चंपी पुटपुटली. तिचे डोळे खोल गेले होते.

"बाबा नको बोल्लाय गो," शालन म्हणाली. "बाय, रगत थांबलाय. आता नुसता काला हाय."

फ्लोरिनने अंगाऱ्याची पुडी तळहातावर तोलली. "राख एवढी जड असते व्हय? शालन, रक्त थांबलेलं न्हाय. काळ्यात लपलंय. पोरीला आधी पाणी पाज, मग भाईंदरला डॉक्टरकडं नेऊ."

"आन करणी परत चढली तं?"

या एका भयापुढे फ्लोरिनचे सर्व ज्ञान निष्प्रभ झाले. तेव्हा ती म्हणाली, "चल, बाबांनाच विचारू." शालनने लेकीला खांद्यावर घेतले.

पिंपळाखाली जाऊन फ्लोरिनने मोठ्याने विचारले, "कुणाकडं नासकं अंडं हाय काय?"

बदके पाळणाऱ्या सावित्रीने ते आणले. काचेच्या पेल्यात फोडताच भक्तगणांनी नाके दाबली. फ्लोरिनने त्यात बाबांचाच अंगारा टाकून ढवळले. पांढरी भुकटी आधी तपकिरी, मग काळी झाली.

"बाबा, या अंड्यावर करणी कुणी केली?"

"त्याच्या सवतीनं!" नाक दाबलेले अमृत पाटील ओरडले आणि गर्दीत हशा उसळला.

बाबांना घाम फुटला. "भ्रष्ट बाई! ही... ही..." म्हणत त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याले.

शालन टक लावून पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमाला पानी चालता? आन माज्या पोरीला चालत न्हाय?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. फ्लोरिनच्या पिशवीतील उकळलेल्या पाण्याची बाटली काढून तिने लेकीच्या ओठांना लावली.

वाचकहो, तो अंगारा म्हणजे बिस्मथ नामक औषध होय. साध्या जुलाबास त्याने उतार पडतो, म्हणूनच बाबांची कीर्ती वाढली. नासक्या अंड्यास ज्या वायूमुळे दुर्गंधी येते, तोच आतड्यांतही असतो. त्याच्या संयोगाने बिस्मथ काळे पडते. हगवणीचे जंतू त्याने मरत नाहीत. "शौच काळे होईल," हे इस्पितळात परिचारिका आधीच सांगते, म्हणजे रोगी भिऊ नये. बाबाही आधीच सांगत. रोग्याने भ्यावे म्हणून.

माझ्याच बैलगाडीतून चंपीस भाईंदरला नेले. डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, "भरपूर पाणी पाजा. पाणी कमी पडलं, तर हेच औषध मूत्रपिंडात खड्यासारखं साचतं." चंपी वाचली. आता ती सावित्रीच्या बदकांमागे धावते.

म्हणून माझी हात जोडून एवढीच प्रार्थना की, कोणी चमत्काराची पुडी हाती ठेवली, तर नमस्कार करण्यापूर्वी आत काय आहे ते विचारावे. आणि तहानलेल्या लेकराचे पाणी जो तोडतो, त्यास देव म्हणण्याआधी त्याचा स्वतःचा तांब्या जरूर तपासावा.