प्लगच्या भोकातलं तीर्थ

लातूरच्या क्लासच्या गल्लीत गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. दोन्ही बाजूंना अमुक क्लासेस, तमुक अकॅडमी, आणि मधोमध यंत्रबाबांची गादी. गादीसमोर नरसिंगची मोटारसायकल, दर गुरुवारी ढकलत आणलेली. भूकंपात घराखाली दबलेली, ढिगाऱ्यातून उपसलेली, किका मारून पाय भरून आले तरी हूं की चूं न करणारी.

बाबांनी तिचा प्लग काढायला लावला. त्या भोकात कापराच्या वासाचं तीर्थ ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, प्लग परत बसवला आणि शिष्याला म्हणाले, "मार!" दोन-तीन किकांत गाडी धडधडू लागली. मागून निळा धूर निघाला. तो म्हणे गाडीतून बाहेर पडणारा भूकंपाचा शाप.

"मेल्या इंजनात म्या जीव घातला," बाबा गरजले, "मंग जित्या पोराच्या डोक्यात बुद्धी घालनं काय अवघड हाय? पथ्यं दोनच. इंजन उघडायचं न्हाई. आन् परीक्षेपस्तोर पुस्तक उघडायचं न्हाई!"

दुसरं पथ्य पोरांना किती आवडलं असेल ते सांगायला नको. गादीखाली पुस्तकांच्या गठड्या जमल्या होत्या. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती.

गर्दीच्या मागे फिजिक्सचे व्यंकट सर उभे होते आणि त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. इतकी वर्षं घसा कोरडा करून शिकवलं, पण त्यांच्या पायांवर असं कोणी डोकं टेकलं नव्हतं. त्यात त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी ऋतुजा, या नरसिंगचीच मुलगी. तिचीही गठडी गादीखाली गेली होती. पोरीचं वर्ष बुडणार याचं दुःख मोठं, की तिनं आपल्याला सोडून बाबाला धरलं याचं, हे सरांना ठरवता येईना.

"नरसिंगराव, पोरीचं वाटोळं करून राहिले तुम्ही," ते म्हणाले.

"सर, तुमी लई शिकविलं. पर बंद गाडी चालू केली का कदी?"

हे सरांच्या फार जिव्हारी लागलं.

रविवारी ते मेकॅनिक खाजामियाँच्या गॅरेजात गेले. सरांची जुनी गाडी ते दोघं मिळून नव्यानं बांधत होते. खाजामियाँनी प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावलं, किका मारल्या. काटा जेमतेम हलला. मग त्यांनी त्याच भोकातून थोडं इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किका मारल्या. काटा होता तिथंच.

"वॉल गेलाय, सर, वरची झडप. हवा तिथून पळून राहिली," खाजामियाँ म्हणाले.

"पण ऑइल कशाला घातलं?"

"चोर कुठला ते कळाया. पिस्टनच्या रिंगा घासल्या असत्या, तर ऑइलनं फटी बुजल्या असत्या. कंप्रेशन, म्हंजे आतला दाब, लगेच चढलं असतं."

"आणि गाडी चालू झाली असती?"

"हाव. ऑइल जळेपर्यंत. निळा धूर सोडत."

सर तेलकट हातांनीच उठून उभे राहिले. नरसिंगची गाडी दर गुरुवारी तीर्थाला का यायची, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. तिच्या रिंगा घासल्या होत्या, आणि तीर्थ म्हणजे कापूर घातलेलं ऑइल. मेकॅनिक ज्यानं रोग ओळखतो, तेच हा बाबा औषध म्हणून विकत होता!

पुढच्या गुरुवारी सर खाजामियाँना सोबत घेऊन आपली वॉल गेलेली गाडी ढकलत गादीपुढे आले. बाबांनी तीर्थ ओतलं. शिष्यानं किका मारल्या. पुन्हा तीर्थ, पुन्हा किका. शिष्य घामाघूम झाला. गर्दीत कुजबुज सुरू झाली, तसे बाबा कडाडले, "सरांच्या पोटात मत्सर हाय! मत्सऱ्याच्या गाडीत देव येत न्हाई!"

सगळ्यांचे डोळे सरांकडे वळले. सरांचा चेहरा उतरला, कारण ते खरं होतं.

"हाय मत्सर," ते म्हणाले. "लई जळतो मी तुमच्यावर. मग माझ्या हातून तर कुठलीच गाडी चालू व्हायला नको."

नरसिंगची गाडी नेहमीप्रमाणे बंद होऊन आली होती. सरांनी तिचा प्लग काढला, खाजामियाँच्या डब्यातलं साधं इंजिन ऑइल भोकात ओतलं, प्लग पुसून बसवला आणि किका मारल्या. ना कापूर, ना मंत्र. गाडी धडधडली, निळा धूर निघाला.

मग सरांनी रिंगा आणि वॉलचा सगळा प्रकार समजावून सांगितला. बोलता बोलता धूर विरला आणि गाडी धापा टाकत बंद पडली. बाबा आणि शिष्य एव्हाना दिसेनासे झाले होते.

तेवढ्यात गर्दीतल्या एक आजी, धुरपताबाई, नातवाचा परीक्षेचा पेन घेऊन पुढे आल्या आणि सरांच्या पायांवर वाकल्या. "बाबाहून तुमचा हात मोठा. ह्या पेनाला लावा, सर." मागे रांग लागू लागली. हीच रांग सरांना हवी होती. जिवाला इतकं गोड वाटलं की हात पुढे गेलासुद्धा.

ऋतुजा त्या हाताकडे टक लावून पाहत होती. सर शरमले. त्यांनी हात मागे घेतला आणि ऑइलचा डबा तिच्यापुढे धरला. "तू कर."

तिनं सगळं तसंच केलं. गाडी पुन्हा चालू झाली.

"आता माज्या बी पाया पडता का, आजी?" तिनं विचारलं.

गल्ली हसली. धुरपताबाईही हसल्या आणि त्यांनी पेन नातवाच्या खिशात खोचला. ऋतुजानं गादी उलटली, आपली गठडी ओढून काढली, आणि बाकीची पोरं पुस्तकांवर तुटून पडली.

"खाजामियाँ," नरसिंग खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या इंजन उघडा. काय बिघडलंय ते मला बी बगू द्या."

"हेच म्हणतो मी," सर सगळ्यांना म्हणाले. "जो माणूस उघडून बघू नका म्हणतो, त्याचं आधी उघडून बघा. प्रश्न विचारल्यानं खरं कधी बंद पडत नाही. उद्या वर्गात माझंही शिकवणं असंच तपासा, आणि चुकलं तर तोंडावर सांगा."