नमुना धरणारा हात

कॅथेटरच्या टोकाचं पेटंट मिळालं आणि तेही थोरल्या सुनेच्या नावावर मिळालं. असं काही झालेलं नाही, तेव्हा हे वाक्य विसरून पुढे वाचावं.

घरामागच्या खोलीत छोटा कारखाना होता. सकाळी सून तिथे साचा पुसत होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. रक्तवाहिनीत सरकवायच्या नळीचं टोक वळणावर आतून ओरखडे काढतं, म्हणून तिने मऊ टोक केलं होतं, बाजूला चार तिरकी भोकं. एकसष्ट टोकं वाया गेली. बासष्टावं काचेच्या वाकड्या नळीतून अलगद गेलं. पेटंटच्या अर्जात शोध लावणाऱ्याच्या रकान्यात मात्र धाकट्या दिराचं नाव होतं.

"मामंजी, निदान दुसरं नाव माझं घाला."

"सुनेचं नाव कागदावर घालत नाहीत आपल्यात. उद्या दुसरं घर केलंस, तर पेटंटही तिकडेच नांदायला जाईल."

"वहिनी, माझं नाव म्हणजे तुमचंच की," दीर म्हणाला.

"मग माझं टाका, ते तुमचंच होईल."

मामंजींना हा विनोद आवडला नाही.

अकरा वाजता पेटंट कचेरीची सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. यात शोध कसला, हे कुणालाही सुचेल, असा एका बड्या कंपनीचा आक्षेप होता. सून कॅमेऱ्याच्या कडेला बसून नमुना धरून होती. तिचा फक्त हात दिसत होता.

"भोकं तिरकी का?" परीक्षकांनी विचारलं.

"सरळपेक्षा बरी दिसतात," दीर म्हणाला.

"वळणावर नळी दबली, की सरळ भोक..." सून बोलू लागली. मामंजींनी घाईने आवाज बंद केला. यंत्राचा. तिचा बंद करायला एरवी बटण लागत नसे.

आवाज परत आल्यावर परीक्षकांनी विचारलं, "हात कुणाचा?"

"घरचाच आहे," मामंजी म्हणाले.

"बरं, सुचायला किती वेळ लागला?"

"वेळ कसला! आंघोळ करताना सुचलं. पाच मिनिटांत."

कंपनीच्या वकिलाने दिराचे मनापासून आभार मानले.

निकाल आला: भोकं तिरकी का हे ज्याला सांगता येत नाही, त्यालाही पाच मिनिटांत सुचलेली गोष्ट कुणालाही सुचेल. अर्ज नामंजूर.

"पांढऱ्या पायाची!" मामंजी सुनेकडे बघून म्हणाले.

चार महिन्यांत कंपनीचं टोक बाजारात आलं. त्याचीही भोकं तिरकी होती.

सुनेने कचेरीला लिहिलं: "निकालाविरुद्ध तक्रार नाही. पान तीनवर 'नमुना धरणारा हात' असा उल्लेख आहे. त्यापुढे माझं नाव लिहावं. कुटुंबप्रमुखांची संमती जोडलेली नाही. ती नसतानाही विचार व्हावा, ही नम्र विनंती."