गिरमिटाची चार भोकं

सकाळपासून धाकट्याच्या मशीननं नुसता उच्छाद मांडला होता. होडी चिखलात ओढून ठेवलेली, काठावर जनरेटर धडधडतोय, वायर होडीच्या पोटात गेलेली, आणि तिथं वाकून धाकटा भोकं पाडतोय. तळाची कुजलेली फळी काढून नवी बसवायची होती. होडीच्या जुन्या बरगड्यांतून फळीत आरपार भोक पाडायचं आणि बोल्ट आवळायचा, एवढंच काम. थोरला भाऊ शेवटच्या बरगडीपाशी हातानं गिरमिट फिरवत बसला होता. धाकट्याची तीस भोकं झाली तेव्हा त्याचं चौथं चाललं होतं.

"दादा, तुझं होईस्तोवर कांद्याला कोंब फुटतील!" धाकटा ओरडला.

काठावर पोत्यांवर बसलेला कांदेवाला खो खो हसला. उद्या नदीपलीकडे बाजार होता, आणि माल नेणारी होडी गावात ही एकच.

थोरला मुद्दामच सावकाश चालला होता. दोन-चार फेरे झाले की गिरमिट बाहेर काढायचं, निघालेला भुसा बोटांत चुरायचा आणि वास घ्यायचा, ही बापानं लावलेली सवय. चांगल्या लाकडाचा कोरडा कीस निघतो. इथं चारही भोकांतून काळं, ओलं पीठ निघत होतं आणि गिरमिट जोर न लावता आत जात होतं.

"ही बरगडी गेली," तो म्हणाला. "बोल्ट धरणार नाही. बदलायला हवी."

"किती दिवस?"

"आठ तरी."

धाकट्यानं कपाळावर हात मारला. "मशीन आणलं त्या दिवशी म्हणालास, लाकडाला चटका बसतो. परवा म्हणालास, वीज लागून मरशील. काल म्हणालास, आवाजानं मासे पळतात. आपण मासे धरतो का रे? आणि आज म्हणे बरगडी गेली!"

"अरे, वास तरी घेऊन बघ."

"माझ्या तीस भोकांत काही निघालं नाही. नेमकं तुझ्याच चारांत बरं निघालं!"

माशांचं थोरला काल उगाचच बोलला होता, रागाच्या भरात. आता खरं सांगायची वेळ आली, तर शब्दाला किंमत उरली नव्हती. त्यानं तळहातावरचं काळं पीठ कांदेवाल्यापुढं धरलं. कांदेवाल्यानं एकदा पिठाकडं बघितलं, एकदा पोत्यांकडं.

"आता मशीनचे दिवस आहेत, दादा," तो म्हणाला. "किती दिवस कुढत बसणार?"

संध्याकाळी धाकट्यानं त्या चार भोकांतही बोल्ट आवळले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच होडी भरली. थोरला मोगरी, कापूस आणि डांबराचा डबा घेऊन शेवटच्या बरगडीपाशी जाऊन बसला.

"रुसलायस तर घरी बस की," धाकटा म्हणाला.

"तुला पोहता येत नाही," थोरला म्हणाला, आणि दुसरीकडं बघत राहिला.

मध्यावर वारा उठला. होडी दोनदा लाटेवर आपटली आणि शेवटच्या बरगडीचे बोल्ट कुजक्या लाकडातून सुटले. फळीची फट उघडली, पाणी भसाभस आत आलं. धाकटा पांढराफटक पडला. थोरला गुडघाभर पाण्यात बसून फटीत डांबरलेला कापूस कोंबत, मोगरीनं ठोकत राहिला. घाईत दोन बोटं ठेचली, तरी हात थांबला नाही. धाकट्यानं आणि कांदेवाल्यानं पाणी उपसलं, निम्मी पोती नदीत फेकली, तेव्हा कुठं पलीकडचा काठ लागला.

काठावर माणसं जमली. "फुटली कुठं?" कोणीतरी विचारलं.

धाकटा खाली वाकला. एकेक बोल्ट हातानं चाचपून बघितला.

"माझी तीसच्या तीस शाबूत आहेत," तो म्हणाला. "गळली ती दादाची चार. गिरमिटाची."

तो खोटं बोलत नव्हता. माणसांनी माना डोलावल्या. निम्मा माल गेलेला कांदेवाला तर थोरल्याकडं असा बघत होता, की जणू त्यानंच होडी फोडली. थोरल्याला रडू आलं होतं, पण ते बोटांच्या दुखण्यावर खपून गेलं.

दुपारी धाकट्यानं बाजारातून जनरेटर आणि मशीन भाड्यानं आणलं. त्याच बरगडीत, जुन्या भोकांना लागून, नवीन चार पाडायची होती.

"दादा, जरा वायर धर. पाण्यात पडू देऊ नकोस."

थोरल्यानं ठेचलेल्या बोटांनी वायर वर धरली. मशीन सुरू झालं. काळं, ओलं पीठ शिंतोड्यांसारखं उडालं, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून धाकट्यानं तोंड फिरवलं.