माहेरचं नाव

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो एक म्हातारा संगणक. लातूरच्या एका संशोधन केंद्रात माझं आयुष्य गेलं. प्रकल्प बंद पडला की रुग्णांची माहिती पुसायची असा नियम आहे. उद्या मला कोरा करून समोरच्या कोचिंग क्लासला देणार आहेत, म्हणून आजच बोलून घेतो.

कारखान्यातून आलो तेव्हाचा माझा थाट काय सांगू! कामही मोठं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेल्या मुलांचे तेव्हाचे कागद आणि आताच्या दवाखान्यांतल्या नोंदी मी जुळवायच्या. लहानपणीच्या त्या धक्क्याने पुढे हृदय दुबळं होतं का, हे शोधायचं होतं. हे काम मनतशाचं. नुकतीच पीएच.डी. झालेली, शिष्यवृत्तीवर राबणारी पोर.

पहिल्याच फेरीत मी ऐटीत सांगून टाकलं की मुलगे सापडले, मुली बहुतेक बेपत्ता. मनतशा रडकुंडीला आली. तिच्या मार्गदर्शक तारामती मॅडम मात्र हसल्या.

"अगं, हरवल्या न्हाईत त्या, नांदायला गेल्यात! लग्नात नाव बदलतंय आमच्यात. मी बी माहेरची शांतम्मा हाय. जा, त्यांच्या आयांना विचार."

मनतशाच्या घरात लग्नानंतर मुलीचं नाव तेच राहतं. तिला हे सुचणार कसं, आणि मला तरी कसं?

मग ती एसटीने गावोगाव हिंडली. ती एकेक नाव आणायची, मी जोडायचो. हरवलेल्या बायका परत येऊ लागल्या. तपासणीत त्यातल्या कितीतरी जणींची हृदयं खरंच थकलेली निघाली, पण वेळेवर औषध मिळालं. तेव्हा कुणीतरी माझ्यासमोर पेढाही ठेवला होता.

आणि शिष्यवृत्ती थांबली. आधी निष्कर्ष आणा, मग बघू, असं वरून उत्तर आलं. मॅडमनी दारोदार विनवण्या केल्या. कुणी दाद दिली नाही.

"मी थांबले असते हो मॅडम," मनतशा म्हणाली. "पण अब्बा अंथरुणाला खिळलेत. समोरचे क्लासवाले कवाचे बोलवून राहिलेत."

"जा बाई. तुला कोणत्या तोंडानं अडवू?"

आता ती समोर मुलांना हृदयाचे कप्पे शिकवते. खिडकीतून तिचा आवाज येतो आणि माझा जीव तुटतो.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला. पण तुमच्या गावात अशी एखादी मनतशा असेल, तर ती उठून जाण्याआधी तिला हात द्या. माझ्यात एक नोंद अजून अर्धी आहे. माहेरचं नाव बसम्मा, गाव निलंग्याकडचं. सासरच्या नावाची जागा रिकामी आहे. ती बाई कुठेतरी धापा टाकत भाकरी थापत असेल. उद्या सकाळी मी तिला विसरेन.