सुटं काही चालत नाही

निशांतची पिवळी गाडी सरळ रस्ता संपवून वळणाशी पोचली आणि तिचे मागचे लाल दिवे लागलेच नाहीत.

तेजश्री ट्रॅकवर नजर ठेवायच्या वरच्या खोलीत काचेशी उभी होती. ब्रेक कुठे दाबायचा ते नवख्यांना कळावं म्हणून तिनेच सकाळी तिथे नारिंगी शंकू मांडून घेतले होते. गाडी पहिल्या शंकूला मागे टाकून गेली, दुसऱ्याला मागे टाकून गेली. "ब्रेक," ती हळूच म्हणाली. मग किंचाळली, "अरे, ब्रेक दाब ना!" काचेपलीकडे, एवढ्या लांब, ते कोणाला ऐकू जाणार होतं? गाडी वळलीच नाही. ती सरळ वाळूत घुसली, गिरकी खाल्ली, धुळीचा लोट उठला आणि टायरांच्या भिंतीवर काहीतरी धाडकन आदळलं.

वॉकीटॉकीवर "लाल झेंडा, सगळ्यांना थांबवा, ॲम्ब्युलन्स" हे शब्द तिच्याच तोंडून निघाले, आणि ते इतके थंडपणे निघाले की तिचं तिलाच नवल वाटलं. मग ती जिन्याकडे धावली. गाडीत बसलेला तिचा नवरा होता.

तेजश्रीची नोकरी मस्कतमध्ये, कुरुमला, एका विम्याच्या कचेरीत. आठवडाभर ती लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायची. मस्कतच्या हायवेवर रात्री-अपरात्री शर्यती लावणाऱ्या शहाण्यांचे ते फोटो बघून बघून तिचं डोकं फिरलं, तेव्हा तिने हे ट्रॅक डे सुरू केले. जोडीला साकिबभाई. मूळचे दाभोळचे, सीबला गॅरेज, हात असा की महागड्या गाड्यांचे मालक त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला बॉनेट उघडू देत नसत. थंडी पडली की महिन्यातून एका शुक्रवारी दोघं मिळून शहराबाहेरचं शर्यतीचं सर्किट भाड्याने घ्यायची. या, हौस फेडा, कोणाच्या पोराबाळांना न उडवता घरी जा. घराएवढ्या किमतीच्या गाड्या घेऊन बाप्ये यायचे आणि हेल्मेट घाला म्हटलं की केस विसकटतात म्हणून कुरकुरायचे. तेजश्री त्यांना शाळेतल्या बाईंसारखी रांगेत उभी करायची.

तिचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. गाडीत सुटं काही चालत नाही. टिश्यूचा डबा, अत्तराची बाटली, मुलांची खेळणी, पाण्याची बाटली, सगळं बाहेर. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू गाडीभर धावते आणि कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक गाडीच्या सीटखाली ती कोपरापर्यंत हात घालून चाचपायची आणि मगच काचेवर हिरवा स्टिकर लावून सही करायची. अहमदसारख्या बड्या असामीलाही तिने आरशाला लटकवलेली जपमाळ काढायला लावली होती. तो हसून म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही माझ्या आईपेक्षा कडक आहात."

आणि आज निशांतची पहिली खेप होती. हिशेबनीस माणूस, आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही, पण चार महिन्यांपूर्वी हट्टाने ही जुनी कूपे घेतली. मागे नावापुरत्या दोन सीटा, पुढे हा आणि याचा आनंद. गुरुवारी साकिबभाईंनी तिला नवे ब्रेक पॅड बसवून दिले होते.

ती धावत पोचली तेव्हा निशांतला बाहेर काढून वाळूवर बसवलं होतं. डावं मनगट भलत्याच कोनात वळलेलं, ओठ फुटलेला, चेहरा पांढराफटक. पण डोळे उघडे होते. तेजश्री त्याच्यासमोर गुडघ्यांवर कोसळली आणि तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तेजू," तो म्हणाला, "ब्रेक दाबलाच गेला नाही गं."

"बोलू नकोस."

"मी दाबत होतो. पूर्ण जोर लावून दाबत होतो. दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटलं."

मागे साकिबभाई येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या हातातलं अग्निशामकाचं नळकांडं वाळूत पडलं.

निशांतची आई, मधुवंतीबाई, पंधरवड्यापूर्वीच पुण्याहून आल्या होत्या. मुलगा गाडी पळवणार म्हणून हौसेने बघायला आलेल्या. त्यांना कोणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या ते हातात धरून ॲम्ब्युलन्सकडे बघत होत्या. "जिवावरचं मनगटावर निभावलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डॉक्टरने निशांतला तपासलं, मनगटाला पट्टी बांधली, बाकी काही दिसत नाही पण हॉस्पिटलात न्यायलाच हवं म्हणाला. त्याचं रेसिडेंट कार्ड लागणार होतं, आणि ते गाडीतच राहिलं होतं.

तोवर शेडमध्ये वेगळाच गलका सुरू झाला होता. उभ्या असलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांना साकिबभाईंचा हात लागलेला. ब्रेक दाबला गेला नाही ही बातमी तिथे पोचली आणि एकेक जण आपल्या गाडीकडे तिच्यातून विंचू निघाल्यासारखं बघू लागला.

अहमद पुढे झाला. "साकिब, मला समजव. काल तू ब्रेक बसवलेस आणि आज गाडी थांबत नाही. माझ्याही गाडीचे तूच बसवलेस. माझा मुलगा चालवतो ती."

साकिबभाईंनी भांडायला हवं होतं. तेजश्रीला वाटलं, आता ते चिडतील, बाह्या सरसावतील. त्यांनी मान खाली घातली.

"मेरे हाथ से कुछ रह गया होगा, अर्बाब," ते अहमदला, इथे मालकाला म्हणतात तसं, म्हणाले. मग तिच्याकडे वळून मराठीत, "भाभी, पॅड मीच बसवले. टेस्ट पण मीच मारली. पर कायतरी ऱ्हायलंय माझ्याकडनं. वीस वर्षांत असं नाय झालं."

"तर मग खलास," अहमद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "तुझ्या गॅरेजची एकही गाडी आज ट्रॅकवर जाणार नाही. यापुढेही नाही. मी सगळ्यांना कळवतो."

वीस वर्षांचं नाव एका वाक्यात बुडालं. तेजश्रीच्या मनातही साकिबभाईंविषयी संताप उसळला होता. माझा माणूस मेला असता, असं तिला ओरडून सांगायचं होतं. ती तशीच कार्ड आणायला निघाली.

पिवळी गाडी ओढून आणून शेडच्या मागे सावलीत लावली होती. नाक चेपलेलं, फुटलेल्या एअरबॅगची पांढरी पूड सगळीकडे. कार्डाचं पाकीट कप्प्यात नव्हतं, सीटवर नव्हतं. तेजश्री दाराशी वाकली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, कोपरापर्यंत, नेहमीसारखा.

हाताला लाल दोरा लागला. सीटच्या लोखंडी कांबीला गाठ मारलेला, पुढे तुटलेला.

तिने मान आणखी खाली घालून पेडलांकडे पाहिलं. तिथे कोपऱ्यात लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते ओढून बाहेर काढलं. नारळ. मुठीएवढा, शेंडी काढलेला, हळदीकुंकू लावलेला नारळ. एका बाजूला फडकं फाटून करवंटीवर आडवा ओरखडा उमटला होता.

तेजश्रीने हात पुढे करून तो नारळ ब्रेकच्या पेडलमागे ठेवून पाहिला. मोजून घेतल्यासारखा बसला. तळव्याने पेडल दाबलं. हललं नाही. अंगाचा भार टाकून दाबलं. पेडल तसूभरही हललं नाही.

दगडावर पाय ठेवल्यासारखं.

आता तिला कालपासूनचं सगळं आठवलं, आणि आठवू नये असं वाटत असताना अख्खं आठवलं. गुरुवारी संध्याकाळी आईंनी डॅशबोर्डवर छोटा गणपती ठेवला होता आणि तिने तो काढून परत त्यांच्या हातात दिला होता. "आई, गाडीत सुटं काही चालत नाही. उडून त्याच्याच कपाळात बसेल." आईंनी मान डोलावली होती. सकाळी घरून निघताना त्या हळदीकुंकवाची कुयरी घेऊन गाडीत बराच वेळ वाकून बसल्या होत्या, आणि तिने, उशीर होतोय म्हणून, त्यांना जवळजवळ हात धरून उठवलं होतं. इथे सगळ्यांच्या गाड्या तपासून झाल्या. शेवटी राहिली पिवळी. तिने दारसुद्धा उघडलं नाही. काचेवर हिरवा स्टिकर थापला, सही केली, निशांतच्या हेल्मेटवर टपली मारली आणि वर निघून गेली.

तो स्टिकर अजून फुटक्या काचेवर होता, सहीसकट.

शेडच्या मागे कोणी नव्हतं. तिच्या खांद्याला मोठी पिशवी होती, नारळ सहज मावला असता. साकिबभाईंनी दोष घेतलाच होता, कोणी मारून मुटकून नव्हे, आपण होऊन. तिचे ट्रॅक डे वाचले असते, तिची सही वाचली असती, आईंनाही काही कळलं नसतं. पिशवीची चेन तिने उघडलीसुद्धा. एवढ्यात मागून पावलं वाजली.

"मिळालं का गं कार्ड?" मधुवंतीबाई विचारत होत्या. मग त्यांची नजर तिच्या हातावर गेली आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "अगं, नारळ! फुटला नाही बघ. मवालेहच्या मंडईत हिंडून हिंडून एवढुसा शोधला होता मी. देवापुढे ठेवून आणला. म्हणूनच वाचला गं माझा मुलगा."

तेजश्रीची पिशवी अजून उघडीच होती.

"तुला आवडणार नाही म्हणून बोलले नाही. पण तुझं ऐकूनच ठेवला हो. सुटं चालत नाही म्हणालीस ना? म्हणून चांगली गाठ मारून बांधला."

त्यांचा चेहरा इतका निर्धास्त होता की तेजश्रीला त्यांच्याकडे बघवेना. तिने पिशवीची चेन लावली, नारळ हातात घेतला आणि शेडकडे चालू लागली. मधुवंतीबाई मागोमाग आल्या.

साकिबभाई एका टायरवर बसले होते. त्यांच्याभोवती मोकळी जागा सोडून बाकीचे उभे होते. तेजश्री सरळ अहमदसमोर गेली. "ब्रेकमध्ये काही दोष नव्हता," ती इंग्रजीत म्हणाली. "पेडलमागे हा अडकला होता. सीटखाली होता. सीटखाली हात घालून बघणं माझं काम. मी बघितलं नाही आणि स्टिकर लावला."

अहमदने नारळाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही? तुम्ही बघितलं नाही?"

"नाही."

साकिबभाई उठले. "भाभी, माझ्यासाठी असं काय नको बोलू. माझी चूक ती माझी."

"साकिबभाई, चला. स्वतः दाबून बघा."

सगळे तिच्यामागून गाडीपाशी आले. तिने नारळ पुन्हा पेडलमागे ठेवला. साकिबभाई सीटवर बसले, पाय उचलला आणि दाबला. पुन्हा दाबला, दात ओठ खाऊन दाबला. मग त्यांनी पाय काढला, तिने नारळ काढला, आणि त्यांनी परत दाबलं. पेडल अलगद खाली गेलं. साकिबभाईंनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अहमद वाकला आणि त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मधुवंतीबाईंना इंग्रजी कळलं नव्हतं. पण एक पाय, एक पेडल आणि मध्ये एक नारळ, यात न कळण्यासारखं काय होतं? त्या गर्दीच्या पुढे येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा नारळाकडे पाहिलं, एकदा त्या पेडलाकडे, आणि हळूहळू त्यांचा चेहरा ओळखू येईना असा झाला.

"हा?" त्या म्हणाल्या. "माझा?"

तेजश्रीने त्यांना धरलं, तरी त्या खाली बसल्याच, तिथेच, डांबरावर. हाताचे तळवे उलटेसुलटे करून त्या बघत राहिल्या. पलीकडे ॲम्ब्युलन्सचं दार उघडं होतं आणि आतून निशांत हाक मारत होता, "आई कुठंय? तेजू, कार्ड मिळालं का?"

मधुवंतीबाईंनी मान वर केली. आवाजात रागाचा मागमूस नव्हता. काहीच उमजत नसलेल्या माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू तर सगळ्यांच्या गाड्यांत हात घालून बघतेस ना गं? मग आपल्या गाडीत का नाही बघितलंस?"

"आपली होती म्हणून, आई," तेजश्री म्हणाली.