रेघेच्या अलीकडे

“गुरुजी, उधर नक्को उतरो,” टांगेवाल्यानं घोडा थांबवला आणि चाबकाचं टोक मोंढ्याच्या मागच्या गल्लीकडे केलं. “उधर के घरां सब बंद है. औरंगपुरे में चलो. अच्छी खोली दिलाता मैं.”

“बंद असू द्या. आम्हाला शांतच जागा पाहिजे,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवर शिध्याचं गाठोडं घेऊन बसलेल्या अक्काकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आमची ट्रंक उतरवून दिली. मला वाटलं, खोलीवाल्यांकडून याला काही मिळत असेल. जालन्याच्या स्टेशनावर एका गृहस्थानं तसं बजावलंही होतं. टांगा वळला तेव्हा म्हातारा पुन्हा थांबला. “माँजी को संभालो,” एवढंच म्हणाला आणि गेला.

मी तेव्हा टेंभुर्णीच्या शाळेत मास्तर होतो. माझा धाकटा भाऊ भालचंद्र जालन्यात शिकत होता आणि मॅट्रिकची परीक्षा औरंगाबादच्या कॉलेजात द्यायची होती. आदल्या वर्षी तो तिथंच नापास झाला होता. काकासाहेब म्हणून आमचे एक चुलते गुलमंडीवर राहत. त्यांच्याकडे उतरलो होतो. घरात लग्न निघालं. बिचारा भालू वाजंत्र्यांच्या आवाजात भूमितीचे सिद्धांत पाठ करत होता. निकाल लागल्यावर तो मला एवढंच म्हणाला, “दादा, आणखी एकदा बसतो. न्हाई झालो पास, तर पुन्हा नाव काढणार न्हाई.” जाफ्राबादच्या तहसील कचेरीत एक जागा होणार होती. मॅट्रिक पास झाला तर ती त्याला मिळेल, असं तहसीलदारांच्या हाताखालच्या पेशकारसाहेबांनी शब्द देऊन सांगितलं होतं.

म्हणून यंदा जागा मी निवडायची ठरवलं. आयुष्यात मी फार गोष्टी ठरवल्या नाहीत. ही ठरवली.

अक्का आमची थोरली बहीण. बाराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. नाव उमा, पण त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा परीक्षेला निघाला की घरातली एक सोवळी बाई रांधायला बरोबर जाणार, ही आमच्याकडची रीतच. बाहेरचं अन्न चालत नसे. मला पाटीवर रेघा मारून अक्षरं तिनंच शिकवली होती. पट्टी न लावता तिची रेघ सरळ यायची.

“जगू, काकासाहेबांकडंच जाऊ ना,” निघताना ती म्हणाली होती. “गोंधळ असतो, पण माणसं असतात.”

“माणसांमुळंच तर नापास झाला.”

“बरं बाबा. तू शिकलेला.”

गल्लीत नऊ घरं होती. सात कुलूपबंद. मला वाटलं, शिमगा तोंडावर आलाय, लोक आपापल्या गावी गेले असतील. हवेत गंधकाचा वास होता. मला वाटलं, कुणीतरी ढेकणांसाठी धुरी दिली असेल. खोलीचा मालक धान्याच्या अडतीवर होता. त्यानं किल्ली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली आणि चार पावलं मागं सरला. मला वाटलं, अक्काच्या सोवळ्याचा मान राखतोय.

प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ एक कारण होतं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची ही खोड असते. विचारायची लाज वाटते, म्हणून तो कारणं शोधतो.

समोरच्या उघड्या घरात गोजरबाई नावाची म्हातारी होती. मोंढ्यात धान्य पाखडायची. तिनं दारातूनच विचारलं, “कुठले पाव्हणे?”

“टेंभुर्णीचे,” अक्का म्हणाली.

“आन् हितं काहून आले?”

“पोराची परीक्षा हाय.”

म्हातारीनं आमच्या ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाली, “कुठंबी जागा घावली नसती का वं माय?” आणि सुपाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भालू आत इतिहास पाठ करत होता. मी ओट्यावर होतो. मोरीतून एक उंदीर निघाला. भर उन्हात, अंगणाच्या मधोमध, ताडी प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या देत चालला. माणसांना भ्याला नाही. तुळशीच्या रिकाम्या कुंडीपाशी जाऊन स्वतःभोवती गिरकी घेतली आणि आडवा झाला.

अक्का दारात उभी होती. आम्ही दोघांनी तो पाहिला.

“मांजरीनं धरला असंल,” ती म्हणाली.

“हो, तसंच असेल,” मी म्हणालो.

मी मास्तर होतो. उंदीर पडायला लागले की गाठीचा ताप येतो, घर सोडून रानात झोपड्या घालाव्यात, हा धडा मी दर वर्षी तिसरीच्या पोरांना वाचून दाखवत असे. पोरं मोठ्यानं म्हणायची, मी पुढची ओळ वाचायचो. त्या दिवशी मी ओळखलं नाही, की ओळखायचं टाळलं, हे मला आजही सांगता येत नाही. परीक्षा तीन दिवसांवर होती.

अक्कानं चिमट्यानं उंदीर उचलला, परसात नेला. परत आली ती गोजरबाईच्या दारात जाऊन बराच वेळ बोलत उभी राहिली. दोघींच्या मध्ये नेहमीचं हातभर अंतर होतं. शब्द ऐकू येत नव्हते. अक्काचा पदर मात्र सारखा तोंडाशी जात होता.

संध्याकाळी दिवा लागायच्या आधी ती म्हणाली, “जगू, भालूची वळकटी उचल. तुम्ही दोघं नदीकडच्या महादेवाच्या ओवरीत झोपा, तिथंच अभ्यास करा.”

“का?”

“मी नवस बोलले. परीक्षा होईस्तोर कडक सोवळं. पुरुषमाणसानं उंबरा शिवायचा न्हाई, मला शिवायचं न्हाई. बिलकुल न्हाई. मी चुलीवर करून बाहीर ठेवीन.”

“अक्का, एवढं कशाला?” भालू हसला. “देवाला गणित येतं का?”

“तुला तरी कुठं येतं? गेल्या साली पाह्यलं ना,” ती म्हणाली. भालूनं कान पकडले, मग तिघंही हसलो. ते तिच्याबरोबरचं शेवटचं हसणं.

तिनं चुलीतली राख मुठीत घेतली आणि ओट्याच्या पायरीवर एका दमात रेघ ओढली. सरळ, आखल्यासारखी.

“ही ओलांडायची न्हाई.”

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. ओवरीत हवा होती, उजेड होता. नवसाबद्दल बाईमाणसाला प्रश्न विचारायचे नसतात, हेही सोयीचंच होतं.

रोज सकाळी आम्ही रेघेपाशी जायचो. अलीकडे पाण्यानं भरलेला तांब्या असायचा, वर पळसाचं पान. शेजारी फडक्यात बांधलेल्या दशम्या. अक्का दाराआड उभी राहून विचारायची, “झोपला होतास का रे नीट? आज काय?”

“इंग्रजी.”

“जल्दी लिहीत जा. आन् नाव लिहायला विसरू नको.”

भालू रेघेबाहेरूनच वाकून नमस्कार करायचा. आतून आवाज यायचा, “यशस्वी हो.” आणि आम्ही कॉलेजकडे निघायचो. तो आत जायचा. मी बाहेरच्या चिंचेखाली पुस्तक उघडून बसायचो आणि एक ओळ वाचायचो नाही. पेपर बरे जात होते. गणिताच्या दिवशी तो पळतच बाहेर आला. “दादा, सहाच्या सहा सोडवले!” मला वाटलं, जागा मी बरोबर निवडली.

गणिताच्या दुसऱ्या दिवशी तांब्याशेजारी दशम्या नव्हत्या.

“आजपासनं खानावळीत जेवा,” अक्का आतून म्हणाली. आवाज खोल गेला होता. “मला उपास हाय. चूल पेटवत न्हाई.”

खानावळीत! जिनं जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी घेतलं नाही, ती आम्हाला खानावळीत जा म्हणत होती. कुणीही त्या दारात जाऊन उभा राहिला असता. मी रेघेपाशी उभा राहिलो.

“अक्का, बरं नाही का?”

“बरी हाय. उपासानं आवाज बसला. तू जा, उशीर व्हईल त्याला.”

“वैद्याला आणू?”

“जगू,” ती म्हणाली, आणि लहानपणी पाटीवर अक्षर चुकलं की ज्या सुरात म्हणायची तोच सूर होता. “शिमग्यानंतर बोलू. आधी त्याचं होऊ दे.”

मी गेलो. त्या दिवशी खानावळीची आमटी मला आवडली, हेही लिहून टाकतो.

त्यानंतर दोन सकाळी तिचा आवाज आला, तुटक. तिसऱ्या दिवशी गोजरबाईच पायरीवर बसलेली होती.

“तुमच्या अक्कानं मौन धरलंय,” ती म्हणाली. “पोराचा शेवटचा पेपर होईस्तोर बोलनार न्हाई म्हनली.”

मौन आमच्या घरात नवं नव्हतं. चातुर्मासात अक्का धरायची. तांब्या भरलेला होता, वर पान होतं. भालूनं बंद दाराला नमस्कार केला. आतून काही आलं नाही. तो थोडा वेळ वाकूनच राहिला.

“मौन आहे ना,” मी म्हणालो. “मनातल्या मनात दिला असेल आशीर्वाद.”

जाताना माझी नजर रेघेवर गेली. ती वाकडी होती. मधे जाड, टोकाला तुटलेली, जणू थरथरत्या हातानं ओढलेली. मी ती पाहिली. उपासानं हात कापत असेल, असं कारण लगेच मिळालं. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या पेपराला, रेघ तशीच वाकडी होती. तांब्या भरलेला होता. भालूनं नमस्कार केला, आम्ही निघालो.

कॉलेजच्या फाटकाशी त्याला सोडलं आणि त्या दिवशी मात्र मला चिंचेखाली बसवलं नाही. ती वाकडी रेघ डोळ्यांपुढून हलेना. मी परत फिरलो.

दाराला मोठं कुलूप होतं आणि फळीवर डांबरानं एक फुली मारलेली होती. ओलं डांबर खाली ओघळलं होतं. गोजरबाई पायरीवर बसून तांब्या मातीनं घासत होती. मला पाहून उठली नाही.

“पेपर सुटला?” तिनं विचारलं.

“सुटायचाय.”

“मंग तुमी आत्ता काहून आले? ती म्हनली व्हती, सुटल्याबिगर सांगू नको.”

मी कुलपाकडे पाहत राहिलो. तीच सांगत गेली, तांब्या घासत घासत.

पहिला उंदीर पडला त्याच दिवशी अक्कानं तिला सगळं विचारून घेतलं होतं. गाठीच्या घरातली माणसं दहा दिवस गावाबाहेरच्या छावणीत ठेवतात, परीक्षेला सोडत नाहीत, हे कळल्यावर तिनं नवस काढला. रोज पहाटे आधी घरातले मेलेले उंदीर चिमट्यानं उचलून परसात पुरायची, मग आंघोळ करून दशम्या करायची. गणिताच्या दिवशी काखेत गाठ आली.

“तुम्ही... तुम्हाला भीती नाही वाटली?”

म्हातारीनं मान वळवून पदर सरकवला. मानेखाली जुना, आत ओढलेला व्रण होता. “मला येऊन गेली. सून गेल्ती, मी राह्यले. आता मला काय व्हतंय?” मग खाली बघत म्हणाली, “शेवटाला तहान लई लागली तिला. मी उंबऱ्याबाहीर उभी. म्हनलं, माय, माझ्या हातचं कसं चालंल? तर म्हनली, ये आत गोजरे, आता कशाचं सोवळं. आन् प्याली. दोन येळा प्याली.”

“कधी?”

“परवा. तुमी पोराला घिऊन पेपरला गेल्ते. दुपारी छावनीवाल्यांची गाडी आली, तिला नेलं. मी म्हनले त्यान्ला, एकटीच व्हती, मागं कुनी न्हाई. आज कुलूप घालून गेले.”

म्हणजे काल आणि आज.

“तांब्या?”

“तिनंच सांगितलं व्हतं. शेवटच्या पेपरापर्यंत भरून ठेवत जा, रेघ वढत जा. तांब्या जमला.” तिनं हात पालथा करून पुसला. “रेघ काई मला तिच्यावानी जमली न्हाई.”

भालू दुपारी आला. टोपी हातात होती, चेहरा उजळलेला. लांबूनच ओरडला, “अक्का, मौन सोड आता! झाली परीक्षा!”

मग त्याला कुलूप दिसलं. फुली दिसली. माझ्याकडे पाहिलं. गोजरबाईनंच चार शब्दांत सांगितलं.

तो जिथं रोज वाकायचा तिथं येऊन एक क्षण थांबला. मग रेघ ओलांडून, ती पायानं पुसत, वर गेला आणि कपाळ त्या दाराला टेकून उभा राहिला. ओलं डांबर त्याच्या कपाळाला लागलं, बाहीला लागलं. गोजरबाई, “नगं रे लेकरा, नगं,” म्हणत राहिली. तो हलला नाही.

निकाल पुढं लागला. तो पास झाला, कचेरीत लागला, पेशकार म्हणून निवृत्त झाला. सगळ्यांनी मला म्हटलं, जगन्नाथराव, भावाला मार्गी लावलंत.

पण त्या दुपारी मी तिथंच होतो. आत कुणी नव्हतं, नवस संपला होता, रेघ अर्धी पुसली गेली होती. गोजरबाईनं घासलेला तांब्या माझ्या हातात दिला. तो घेऊन मी रेघेच्या अलीकडे उभा राहिलो.